हिवाळा सरत आला, भाजीच्या वाफ्यात सुरुवात कशापासून करू?

लगेच कुदळ उचलू नका. मूठभर माती घ्या, दाबा आणि बोटाने टोचा. गोळा तसाच राहिला तर माती अजून ओली आहे. आत्ता खणलीत तर ढेकळं होतील आणि पुढे छळतील. भुसभुशीत फुटली तर कुजलेलं शेणखत मिसळून वाटाणा, पालक, मुळा पेरा. त्यांना थंडी सोसते. टोमॅटो-मिरचीची घाई नको. गार, ओल्या मातीत त्यांचं बी रुजण्याऐवजी कुजतं. रोपं घरात भरपूर उजेडात वाढवा आणि लावण्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवा. मी एकदा हे टाळलं, दोन दिवसांत पानं पांढरी पडली. गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या. कंटाळवाणं आहे, पण चालतं.