ई-याचिकेवरील सह्यांवरून नागरिकांचा राजकीय सहभाग मोजता येतो का?

केळी पीकविम्यासारख्या विषयावरील ई-याचिकेच्या सह्या मोजून खानदेशातील ऑनलाइन राजकीय सहभाग कळेल का, असा आपला प्रश्न आहे. कळेल, पण निव्वळ एकूण आकड्यावरून नाही. ब्रिटिश संसदेच्या याचिका संकेतस्थळावर १०,००० सह्यांनंतर सरकार उत्तर देते आणि १,००,००० सह्यांनंतर चर्चेचा विचार होतो. अभ्यासकाला मात्र खरा उपयोग होतो तो तेथे खुल्या असलेल्या मतदारसंघनिहाय आकड्यांचा, कारण त्यांना मतदारसंख्येने भागले की दोन प्रदेशांची तुलना करता येते. रावेर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या लोकसभा मतदारसंघांसाठी असेच मोजायचे असेल, तर सहीबरोबर पिनकोड घेणे आणि एका व्यक्तीची एकच सही धरली जाणे आवश्यक आहे. सह्या कोणत्या दिवशी किती झाल्या, हेही नोंदवावे. एका दिवसाची लाट आणि टिकून राहिलेला पाठिंबा यांत फरक असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातील पाड्यांवरून सह्या कमी आल्या, तर ती उदासीनता समजणे मला अन्यायाचे वाटते. आधी तेथील मोबाइल नेटवर्क तपासावे आणि ग्रामसभेतील उपस्थितीही सोबत मोजावी.