वाचकांचे प्रश्न: एकाच बूथमधून इतके रंग कसे निघतात?

प्रश्न: कारच्या कारखान्यात एकामागून एक पांढरी, लाल, करडी अशा बॉड्या एकाच रंगाच्या बूथमधून बाहेर येतात. मध्ये लाइन थांबलेलीही दिसत नाही. मग रंग बदलतात कधी?

उत्तर: दोन बॉड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. त्यासाठी साधारण 10 ते 15 सेकंद मिळतात आणि तेवढे पुरतात. कारण टाक्या बदलायच्याच नसतात. प्रत्येक रंगाची टाकी बूथपासून दूर, मिक्सिंग रूममध्ये असते. तिथून त्या रंगाची स्वतंत्र नळी बूथपर्यंत येते आणि न वापरलेला रंग दुसऱ्या नळीने टाकीत परत जातो. हे फिरणं बूथ बंद असतानाही चालू ठेवावं लागतं, नाहीतर रंगद्रव्य आणि मेटॅलिकमधले अ‍ॅल्युमिनियमचे कण तळाशी बसतात. मात्र पंप गरजेपेक्षा जास्त जोरात चालवला तर तेच कण वाकतात, तुटतात आणि चंदेरी शेड काळपट होत जाते.

सगळ्या रंगांच्या नळ्या फवारणी करणाऱ्या रोबोच्या हातावरच्या एका ठोकळ्यात येतात. त्याला कलर चेंजर म्हणतात. प्रत्येक रंगाला हवेच्या दाबावर उघडणारा एकेक छोटा सुईचा व्हॉल्व्ह, शिवाय एक सॉल्व्हंटचा (रंग विरघळवणाऱ्या द्रवाचा) आणि एक हवेचा. पुढची बॉडी कोणत्या रंगाची, हे स्किडवरच्या, म्हणजे बॉडी वाहून नेणाऱ्या चौकटीवरच्या, टॅगवरून बूथच्या तोंडाशीच वाचलं जातं.

बदल असा होतो: शेवटच्या पॅनलवर हात फिरत असतानाच रंगाचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि नळीत उरलेला रंग मागून ढकलून तिथेच वापरला जातो. मग रोबो फवारणीचं तोंड, म्हणजे बेल, धुण्याच्या डब्यात नेतो. मिनिटाला 30 ते 60 हजार फेरे घेणारी ही वाटी आतून-बाहेरून धुतली जाते. सॉल्व्हंट आणि हवा आळीपाळीने सोडतात. नुसती सॉल्व्हंटची धार नळीच्या भिंतीवरून सरळ घसरून जाते, मध्ये हवा आली की खळबळ होऊन भिंत घासली जाते. शेवटी नवा रंग वाटीपर्यंत भरतात, त्याचा पहिला घोट डब्यातच सोडतात आणि हात पुढच्या बॉडीकडे वळतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तळाचा ईडी कोट (विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर) सर्व गाड्यांना एकच, वरचा पारदर्शक क्लिअरकोटही बहुधा एकच, आणि प्रायमर फार तर दोन-तीन शेडचे. प्रत्येक रंगागणिक बदलतो तो फक्त बेसकोट, म्हणजे रंग देणारा थर, आणि त्याची जाडी असते 10 ते 20 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सगळे थर मिळून 100 मायक्रॉनच्या आसपास भरतात, म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो त्यातला सगळ्यात पातळ थर.

प्रश्न: बदल इतका झटपट होतो, तर एकाच रंगाच्या गाड्या गटाने का घेतात?

उत्तर: वेळ वाचवायला नव्हे, रंग वाचवायला. प्रत्येक बदलात प्रत्येक रोबोमागे दहा-वीस मिलिलिटर रंग आणि त्याहून जास्त सॉल्व्हंट वाया जातं. एका बूथमध्ये रोबो अनेक, दिवसात बॉड्या शेकडो. त्यामुळे बूथच्या आधी बॉड्या साठवून त्यांची रंगानुसार क्रमवारी लावतात. असेंब्लीला मात्र वेगळाच क्रम हवा असतो, म्हणून बूथनंतर रंगवलेल्या बॉड्यांचं दुसरं कोठार लागतं. दुरुस्तीसाठी मागे गेलेल्या बॉड्या क्रम विस्कटतात, तोही इथेच सावरला जातो. हे कोठार लहान ठेवून जागा वाचवण्याचा मोह होतो, पण मग गट मोडतात आणि वाचलेला पैसा सॉल्व्हंटवाटे निघून जातो.

क्वचित लागणाऱ्या रंगासाठी लांबलचक नळी भरून ठेवणं परवडत नाही. तो बूथजवळच्या छोट्या दाबटाकीतून किंवा कार्ट्रिजमधून देतात.

प्रश्न: पांढऱ्या गाडीवर आधीच्या लाल रंगाचे ठिपके येतात. धुण्याची वेळ वाढवली तरी फरक नाही. चूक कुठे असेल?

उत्तर: वेळ वाढवण्याआधी ठिपके कुठे पडतात ते पाहा. दर वेळी पहिल्याच पॅनलवर, फवारणी सुरू होते तिथे असतील, तर धुणं अपुरं आहे किंवा नवा रंग पुरेसा भरला जात नाही. तिथेच रंग फिका पडत असेल किंवा ओघळत असेल, तर रंगाच्या पुढे सॉल्व्हंट राहून गेलंय. ठिपके कुठेही, कधीही पडत असतील तर नळीचा नाद सोडा आणि बेलच्या मागचं कव्हर, रोबोच्या हातावरचं आवरण बघा. तिथे साचलेला जुना रंग गळतो. ठिपके नसून पूर्ण गाडीलाच किंचित गुलाबी झाक असेल, तर लाल रंगाच्या व्हॉल्व्हची सुई नीट बसत नाही. कितीही वेळ धुतलं तरी तो गळतच राहणार. सुई, तिची बैठक आणि सील बदलणं हाच इलाज.

रंग पाण्यावर आधारित असेल तर नुसत्या पाण्याने धुऊ नका. एकदा वाळलेला असा रंग पाण्यात पुन्हा विरघळत नाही. क्षारमुक्त पाण्यात थोडं सॉल्व्हंट आणि अमाइन (एक अल्कधर्मी रसायन) घातलेलं मिश्रण वापरतात. आणि ठिपका क्लिअरकोटच्या खाली असेल तर पॉलिशने जाणार नाही, ते पॅनल घासून पुन्हा रंगवावंच लागतं.

प्रश्न: काळं छत आणि लाल बॉडी, हे एकाच फेरीत होतं का?

उत्तर: रूढ पद्धतीत नाही. आधी पूर्ण गाडी एका रंगात, क्लिअरकोटसह भट्टीतून काढतात. मग छत सोडून बाकी सगळं फिल्म आणि टेपने झाकून बॉडी दुसऱ्यांदा बूथमध्ये जाते. म्हणजे एका गाडीसाठी बूथची दोन गाड्यांची जागा खर्च होते, शिवाय टेप लावणं बहुतेक हातकाम. टेप नीट दाबली गेली नाही तर कडेखाली रंग शिरतो. हल्ली छपाईसारख्या बारीक नोझलच्या पट्टीने, टेप न लावता सरळ रेघेत रंग सोडणारी यंत्रंही आली आहेत.

प्रश्न: नव्या गाडीचा बंपर दरवाजापेक्षा वेगळा का दिसतो?

उत्तर: बंपर प्लास्टिकचा असल्याने तो बॉडीच्या 140 अंशांच्या भट्टीत टिकत नाही. त्याला वेगळ्या ठिकाणी, 80-90 अंशांना वाळणारा रंग मारतात. पांढऱ्यात किंवा काळ्यात फरक सहसा जाणवत नाही. मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे कण किती आडवे बसले यावर शेड ठरते, आणि ते फवारणीच्या वेगावर आणि ओलसरपणावर अवलंबून असतं. म्हणून मेटॅलिक शेड एका कोनातून तपासून भागत नाही. समोरून जुळलेला बंपर बाजूने काळपट दिसू शकतो, त्यामुळे मोजमाप पाच-सहा कोनांतून घेतात.