सशांच्या पिंजऱ्याला जाळी कुठली?

भावा, ती कोंबड्यांची षटकोनी जाळी आधी काढ. ती कोंबडी आत ठेवायला असते, कुत्रं बाहेर ठेवायला नव्हे; दातात धरून ओढली की तार उसवते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घे आणि पट्टी लावून स्क्रूनं आवळ. मुंगसाला चिंचोळी फटसुद्धा पुरते. कळंब्याकडं उसाला लागून घर म्हणतोस, मग तोड सुरू झाली की रानमांजरं वस्तीकडं सरकणारच. पिंजरा कमरेएवढ्या उंचीवर ठेव. मातीत मोकळे सोडत असशील तर कडेनं जाळी फूटभर खाली गाड. कडीला कुलूपच लाव. रात्री मात्र सरळ घरात घे. कुत्रं नुसतं भोवती फिरलं तरी ससा भीतीनं मरू शकतो, जाळी कितीही पक्की असू दे. आई वासावरनं ओरडंल. रोज गवत बदल, जिन्याखाली जागा मिळंल.