भोक लहान की चिरा मोठा?

प्रश्न : आईचं वय ५२. चेहरा सुजला, बीपी-शुगर एकदम वाढली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या माथ्यावर असते ती) ९ सेंमीची गाठ निघाली, या ग्रंथीचं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही वाढलंय. कॅन्सरचा संशय आहे. डॉक्टर पोट उघडायचं म्हणतात. शेजारच्या काकूंची याच ग्रंथीची गाठ दुर्बिणीतून काढली, तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आईचं तसं का नाही? – एक वाचक, विटा

उत्तर : काकूंची गाठ केवढी होती आणि साधी होती का, हे आधी विचारा. १९९२ मध्ये माँट्रियलचे सर्जन गान्ये यांनी ही ग्रंथी दुर्बिणीतून काढल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हापासून लहान, साध्या गाठींसाठी हाच रस्ता. मीही रोज दुर्बिणीवरच काम करतो, तरी तुमच्या आईचं पोट मी उघडलं असतं.

ग्रंथीच्या कॅन्सरची गाठ पिकलेल्या अंजिरासारखी असते, चिमट्यात धरली की फुटते. एकदा आतलं पोटात सांडलं की तो आजार परत यायला वाटच मोकळी. म्हणून आम्ही गाठीला हात लावत नाही, भोवतालची चरबी धरून सगळं एकसंध उचलतो. ९ सेंमीच्या गाठीवर हे दुर्बिणीतून साधणं फार अवघड. शिवाय ती १ सेंमीच्या भोकातून निघणार कशी? तुकडे करायचे नसतात, म्हणजे शेवटी चिरा द्यावाच लागतो! संशयित गाठ ६ सेंमीपेक्षा लहान असेल, आजूबाजूला शिरलेली नसेल आणि सर्जनचा हात या ग्रंथीवर बसलेला असेल, तर दुर्बिणीचा विचार होतो.

हा कॅन्सर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांनाच होतो. त्यामुळे ‘अशा किती केल्यात?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा, रागावले तर रागावू द्या. मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनॅलिनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी झाली का, तेही बघा. अ‍ॅड्रिनॅलिन सोडणारी गाठ असेल तर भूल देताना बीपी भडकतं. आधी आठ-पंधरा दिवस गोळ्या द्याव्या लागतात. घाईने सुई घालून तुकडा काढू देऊ नका.

आणखी एक. आजवर गाठच कॉर्टिसॉल पुरवत होती, म्हणून उजवी ग्रंथी झोपलेली असणार. ऑपरेशननंतर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या काही महिने लागू शकतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. उलटीने गोळी पडली, तर सकाळची वाट न बघता आईला इंजेक्शनसाठी दवाखान्यात न्या.