वाकळ शिवायला बसताना

अगं, वाकळ म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, तिच्यासाठी पहिल्याच दिवशी नवं कापड विकत आणू नकोस. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आण, त्यातून सुई सरसर जाते. सिंथेटिक साडी नकोच. ती सरकते आणि अंगाला चिकटते.

थर अंथरलेस की आधी मोठे कच्चे टाके, मगच धावदोरा. माझ्या पहिल्या वाकळीला मी ते टाळले आणि मधोमध असा झोळ आला की अर्धी उसवावी लागली. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कडेपासून शिवत मध्यापर्यंत येतात, कोपऱ्यांना घड्या घातलेली त्रिकोणी फुलं लावतात. काय देखणं काम असतं ते! एकदा करून बघच.

पावसात आपल्याकडे कापडाला बुरशी धरते, म्हणून अर्धवट वाकळ गुंडाळून ठेवू नकोस. ऊन पडलं की अंगणात घाल.

आणि आपलंच काम घेऊन कोपऱ्यात बसू नकोस हं. कुणाकडे बाळ होणार असलं की आम्ही सगळ्या मिळून दुपटं शिवतो. त्या दिवशी नक्की ये, जुन्या बायकांच्या शेजारी बस, त्यांचा हात बघ. तुझा टाका लांब पडला तरी कुणी उसवणार नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलीस तर पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं जास्त आण.