वर्ड दर वेळी सीडी मागतं? सीडी शोधण्याआधी ते नेमकं काय शोधतंय ते बघा

तुमची अडचण मी अशी समजलो: ऑफिस २००३ मधलं वर्ड उघडलं की आधी इन्स्टॉलची पट्टी सरकते, मग सीडी घाला असा निरोप येतो. दोन-तीनदा कॅन्सल दाबलं की वर्ड उघडतं आणि पुढे नीट चालतं. मूळ सीडी सापडत नाही. म्हणून सगळं ऑफिस अनइन्स्टॉल करून कुठूनतरी मिळालेल्या सीडीवरून पुन्हा टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच नुकसान होऊ शकतं. अनइन्स्टॉल करू नका. आज तुमच्याकडे एक चालतं वर्ड आहे आणि एक त्रासदायक चौकट आहे. ते काढून टाकलं आणि नवी सीडी चालली नाही, तर वर्डही गेलेलं असेल. शिवाय अशा अवस्थेत काढून टाकण्याची प्रक्रियासुद्धा मध्येच सीडी मागू शकते आणि काम अर्धवट राहतं. योग्य सीडी आणि तुमची प्रॉडक्ट की, दोन्ही हातात येईपर्यंत तो मार्ग बंद समजा.

आता मूळ मुद्दा. सीडी वर्ड मागत नाही, विंडोज इन्स्टॉलर (विंडोजमधला प्रोग्राम बसवणारा आणि दुरुस्त करणारा भाग) मागतो. ऑफिस २००० पासून मायक्रोसॉफ्टने ऑफिसची स्थापना त्याच्याकडे सोपवली. तो प्रत्येक प्रॉडक्टची विभागणी फीचरमध्ये आणि फीचरची विभागणी कंपोनंटमध्ये करतो. प्रत्येक कंपोनंटला एक खूण ठरलेली असते: एखादी फाइल किंवा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एखादी नोंद. तुम्ही स्टार्ट मेनूतून वर्ड उघडता तेव्हा तो या खुणा जागेवर आहेत का ते बघतो. एक जरी सापडली नाही तरी दुरुस्ती सुरू करतो. दुरुस्तीला मूळ फाइल लागतात, आणि त्या कुठून आल्या होत्या तो पत्ता त्याने लिहून ठेवलेला असतो. तुमच्या बाबतीत तो पत्ता म्हणजे सीडी ड्राइव्ह. तुम्ही कॅन्सल केल्यावर वर्ड नीट चालतं, यावरून एवढं नक्की कळतं की हरवलेली खूण वर्डच्या मुख्य कामाला लागणारी नाही. पण दुरुस्ती पूर्ण होत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच.

म्हणून सीडीच्या मागे लागण्याआधी कोणती खूण हरवली आहे ते शोधायचं. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात आणि मग एकामागून एक ऐकीव उपाय करत बसतात. खरं तर विंडोजने ते लिहून ठेवलेलं असतं. वर्ड एकदा उघडा, चौकट येऊ द्या, कॅन्सल करा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समधून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ॲप्लिकेशन लॉगमध्ये जा आणि सोर्सच्या रकान्यात एमएसआयइन्स्टॉलर लिहिलेल्या, त्याच मिनिटाच्या नोंदी बघा. क्रमांक १००१ आणि १००४ या दोन नोंदी आपल्या कामाच्या. १००१ मध्ये कोणत्या फीचरची तपासणी फसली ते असतं. १००४ मध्ये त्याहून मोलाची गोष्ट असते: अमुक रिसोर्स अस्तित्वात नाही, आणि पुढे त्या फाइलचा किंवा रजिस्ट्री नोंदीचा पूर्ण पत्ता. महिरपी कंसातले लांबलचक आकडे-अक्षरं पाहून दचकू नका, ते ओळखक्रमांक आहेत. शेवटचा पत्ता तेवढा उतरवून घ्या. नोंद कोणत्या यूजरच्या नावावर आहे तेही बघा.

त्या पत्त्यावरून पुढची दिशा ठरते.

पत्ता रजिस्ट्रीच्या एचकी करंट यूजर (HKEY_CURRENT_USER) या शाखेतला असेल, तर फाइल काहीच हरवलेली नाही. त्या यूजरच्या खात्यात एक नोंद लिहायची राहिली आहे, किंवा लिहायला परवानगी मिळत नाहीये. घरातल्या एका खात्यातून वर्ड निमूट उघडतं आणि दुसऱ्यातून सीडी मागतं, असं असेल तर कारण जवळपास नक्की हेच. व्हिस्टा किंवा विंडोज ७ वर ऑफिस २००३ चालवणाऱ्यांनी वर्डच्या आयकॉनवर राइट क्लिक करून एकदा रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून बघावं. अनेकदा तेवढ्याने राहिलेली नोंद लिहिली जाते. विंडोज एक्सपीवर मर्यादित खातं असेल, तर त्याला तात्पुरते ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या, वर्ड एकदा उघडून बंद करा आणि अधिकार परत काढून घ्या.

पत्ता प्रोग्राम फाइल्समधल्या एखाद्या फाइलचा असेल, तर ती फाइल कोणीतरी उडवली आहे. डिस्क साफ करणारी साधनं किंवा अँटिव्हायरस, संशय पहिल्यांदा यांच्यावर घ्यायचा. अँटिव्हायरसने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित म्हणून बाजूला, टाकलेल्या फाइलींची यादी बघा. फाइल तिथे असेल आणि ती खरोखर ऑफिसचीच आहे अशी खात्री पटली, तर परत आणल्यावर प्रश्न मिटतो. फोल्डरचं नाव बदललं किंवा फोल्डर हलवला असेल तरी हाच परिणाम होतो.

आणि चौकट वर्ड उघडताना न येता एखादी ठरावीक गोष्ट केल्यावरच येत असेल, म्हणजे समीकरण घालताना, क्लिप आर्ट शोधताना, दुसऱ्या प्रोग्रामची जुनी फाइल उघडताना, तर बिघाड मुळीच नाही. इन्स्टॉल करताना ते फीचर 'पहिल्या वापराच्या वेळी बसव' या अवस्थेत सोडलेलं असतं. ते लागत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्समध्ये ऑफिसच्या पुढे चेंज दाबा आणि त्या फीचरला नॉट अव्हेलेबल करा. लागत असेल तर मूळ फाइली हव्यातच: सीडीवरच्या, किंवा पुढे सांगितलेल्या हार्ड डिस्कवरच्या प्रतीतल्या. एकाच विशिष्ट दस्तऐवजावर चौकट येत असेल, तर त्या दस्तऐवजात बसवलेलं समीकरण, आलेख किंवा त्याला जोडलेलं टेम्प्लेट तपासा.

आता एक फोल्डर, जो पुष्कळांकडे असतो पण माहीत नसतो. ऑफिस २००३ पासून इन्स्टॉल करताना सीडीवरच्या फाइलींची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवली जाते, दुरुस्तीला सीडी लागू नये म्हणूनच. ड्राइव्हच्या मुळाशी एमएसओकॅश नावाचा लपवलेला फोल्डर असतो. तो सी ड्राइव्हवरच असेल असं नाही. सगळे ड्राइव्ह बघा आणि त्याआधी फोल्डर ऑप्शन्समधून लपवलेल्या आणि सिस्टीमच्या, दोन्ही प्रकारच्या फाइली दिसतील असं करा. जागा मोकळी करताना लोक हाच फोल्डर उडवतात, आणि ऑफिस २००३ मध्ये तर इन्स्टॉल संपताना तो काढून टाकण्याचा पर्यायच समोर येतो. फोल्डर शाबूत असूनही सीडी मागितली जात असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समधल्या सर्व्हिसेसमध्ये ऑफिस सोर्स इंजिन शोधा. त्या प्रतीतून फाइली काढून द्यायचं काम ही सर्व्हिस करते. संगणक वेगवान करण्याच्या नादात कोणी ती डिसेबल केली असेल, तर प्रत जवळ असून उपयोग होत नाही. स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा आणि वर्ड पुन्हा उघडा. तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त आशा इथेच वाटते, त्यामुळे इव्हेंट व्ह्यूअरनंतर लगेच हे तपासा. सर्व्हिस चालू करूनही जमलं नाही, तर सीडी मागणाऱ्या चौकटीतल्या ब्राउझ बटणाने एमएसओकॅशच्या आत, ऑल यूजर्सखाली, लांबलचक आकड्यांच्या नावाच्या फोल्डरपर्यंत जाऊन बघा. चौकटीत जिचं नाव आहे ती एमएसआय फाइल (विंडोज इन्स्टॉलर जिच्यावरून प्रोग्राम बसवतो ती) तिथे दिसली की तीच निवडा.

एकाच संगणकावर वर्डच्या दोन आवृत्त्या असतील, समजा २००३ आणि २००७, तर प्रकरण निराळं. एक उघडली की ती .डॉक फाइलींची नोंदणी आपल्या नावावर करते, दुसरी उघडली की ती परत ओढून घेते, आणि दर वेळी पट्टी सरकताना दिसते. त्यावर रजिस्ट्रीत एक नोंद घालता येते. आधी रजिस्ट्रीचा तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवा. मग एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, ११.०, वर्ड, ऑप्शन्स या क्रमाने आत जा. तिथे नवीन डीवर्ड (DWORD, आकडा ठेवणारी नोंद) बनवा, त्याचं नाव एन-ओ-आर-ई-आर-ई-जी ही सात अक्षरं सलग लिहून द्या आणि किंमत १ ठेवा. २००७ साठी ११.० च्या जागी १२.० आणि २०१० साठी १४.० असतं, तेरा क्रमांक वगळलेला आहे. ही नोंद फक्त पुन्हा पुन्हा होणारी नोंदणी थांबवते. हरवलेली फाइल ती भरून देत नाही. तुमच्याकडे एकच आवृत्ती असेल तर हा उपाय करू नका.

एवढं करून खरोखरच सीडी लागणार असं ठरलं, तर कोणती सीडी चालेल ते नीट लक्षात घ्या. नुसती 'ऑफिस २००३' ची कुठलीही सीडी चालत नाही. स्टँडर्ड, प्रोफेशनल, सुट्या वर्डची, कंपन्यांना दिलेली, संगणकाबरोबर आलेली, या सगळ्या वेगळ्या आहेत. चौकटीत एमएसआय फाइलचं नाव दिसतं, उदाहरणार्थ प्रो११.एमएसआय. पण नाव जुळणंही पुरेसं नसतं. विंडोज इन्स्टॉलर त्या फाइलच्या आतला पॅकेज कोड, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, तपासतो आणि तो जुळला नाही तर ही फाइल योग्य नाही म्हणून परत पाठवतो. दुकानातून घेतलेली आणि कंपनीच्या परवान्याची सीडी इथेच अडकते. म्हणून पहिला प्रयत्न, ऑफिस मुळात ज्या सीडीवरून टाकलं होतं तीच मिळवण्याचा करा. कुठल्याशा संकेतस्थळावरून एकच एमएसआय फाइल उतरवून घेणं मात्र साफ टाळा. ती फाइल ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांनी चालते, आणि तिच्यात कोणी काय भरलंय ते तुम्हाला कळणार नाही.

सीडी मिळाली की आधी ती पूर्ण हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवा. मग वर्ड उघडा, चौकट आली की ब्राउझ दाबून त्या फोल्डरमधली एमएसआय फाइल दाखवा. दुरुस्ती पूर्ण होऊ द्या, घाईने कॅन्सल करू नका. त्यानंतर चेंजमध्ये जाऊन सगळ्यात वरच्या ओळीला 'सगळं माझ्या संगणकावरून चालव' हा पर्याय द्या, म्हणजे पहिल्या वापराची वाट बघणारं काही उरत नाही. मग वर्डच्या हेल्प मेनूतलं डिटेक्ट अँड रिपेअर एकदा चालवा. २००७ मध्ये त्याच्या जागी ऑफिस डायग्नॉस्टिक्स आहे. हार्ड डिस्कवरची ती प्रत तशीच राहू द्या.

काही उपाय तुम्हाला आग्रहाने सुचवले जातील, ते करू नका असं मी कळकळीने सांगतो. रजिस्ट्री क्लीनर चालवू नका; हरवलेल्या खुणा पुष्कळदा त्यांनीच हरवलेल्या असतात. विंडोज फोल्डरमधला लपवलेला इन्स्टॉलर फोल्डर रिकामा करू नका. प्रत्येक प्रोग्रामची दुरुस्ती, अद्ययावत करणं आणि काढून टाकणं त्यातल्या फाइलींवर अवलंबून असतं, त्यामुळे आज एका वर्डचा त्रास आहे तो उद्या सगळ्यांचा होईल. विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटीचं नाव जुन्या सल्ल्यांमध्ये हमखास येतं. दुसऱ्या प्रोग्रामांचं नुकसान होतं म्हणून मायक्रोसॉफ्टने ती २०१० मध्ये मागे घेतली. आणि विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच बंद करून टाका असं सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका, पुढे कुठलाच एमएसआय प्रोग्राम बसणार नाही.

सीडी कुठेच मिळाली नाही तर? ऑफिस २००३ चा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींवर त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या .डॉक फाइली त्यात उघडणं मला तरी धोक्याचं वाटतं. इथून पुढे तेच जपत बसण्यापेक्षा बदल केलेला बरा. लिबरऑफिसचं रायटर विनामूल्य आहे आणि .डॉक फाइली उघडतं. गुंतागुंतीच्या मांडणीत थोडी हलवाहलव होते, साध्या पत्रांना आणि लेखांना काही होत नाही. मायक्रोसॉफ्टचंच हवं असेल तर ऑफिस २०१९ पासून फक्त क्लिक-टू-रन पद्धत आहे. त्यात दुरुस्तीच्या फाइली इंटरनेटवरून येतात आणि सीडीचा संबंधच उरत नाही.

बदल करायचं ठरलं तर जुनं काढण्याआधी दस्तऐवजांबरोबर आणखी दोन गोष्टी बाजूला काढून ठेवा: नॉर्मल.डॉट हे टेम्प्लेट आणि कस्टम.डिक हा तुमच्या शब्दांचा कोश. दोन्ही तुमच्या खात्याच्या ॲप्लिकेशन डेटामध्ये मायक्रोसॉफ्ट या फोल्डरखाली मिळतात, पहिलं टेम्प्लेट्समध्ये आणि दुसरं प्रूफमध्ये. वर्षानुवर्षं बसवलेले मॅक्रो, ऑटोटेक्स्ट आणि शैली त्या टेम्प्लेटमध्येच असतात.

तूर्तास १००४ च्या नोंदीतला पत्ता तेवढा इथे लिहा. तो पाहिला की यातली कोणती वाट तुमची, ते लगेच सांगता येईल.