संग्रहालयातली इंटर्नशिप पुढे कामाला येते का?

प्रश्न : मुलगी बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावच्या संग्रहालयात दोन महिने इंटर्नशिप करायची म्हणते. प्रमाणपत्रापलीकडे हाती काय लागेल?

उत्तर : नोंदवहीचं काम मिळालं, तर पुष्कळ. तिथे प्रत्येक वस्तूला क्रमांक देतात; उदाहरणार्थ, २०२४.१५.३ म्हणजे २०२४ सालात आलेल्या पंधराव्या संचातली तिसरी वस्तू. असा क्रमांक देणं, मापं घेणं, देणाऱ्याकडून वस्तूची माहिती लिहून घेणं ही शिस्त अभिलेखागारात, ग्रंथालयात, संशोधनात कायम लागते. पितळी अडकित्त्यावर थेट शाईने आकडा घालत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, तो वाळला की आकडा, वर पुन्हा थर. गरज पडल्यास हे सगळं असिटोनने निघतं. चिकटपट्टीचा गोंद मात्र धातूवर डाग पाडतो. लुगड्याला क्रमांकाची सुती फीत दोन सैल टाक्यांनी शिवतात.

संग्रहात मोडी कागद असतील, तर तिने ती लिपी शिकावीच. मोडी वाचणारे थोडे आणि कागद अमाप. जमिनीच्या जुन्या दस्तांसाठीही लोक वाचक शोधत असतात.

नुसतं तिकीट खिडकीवर बसवणार असतील, तर जाऊ नये. कोणाच्या हाताखाली काम करायचं आणि कोणत्या वस्तूंची नोंद करायची, हे आधीच लेखी विचारून घ्या.